मरून की चॉकलेटी?

तुळजापूरहून सकाळी पावणेआठला फोन आला. देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर ज्यांचं चादरींचं दुकान आहे, ते काका. आवाज अगदी शांत, म्हणजे प्रकरण गंभीर.

"ताई, मी मरून सांगितल्या होत्या ना?"

"हो काका. चाळीस मरून. मी स्वतः काढून दिल्यात."

"बरं. मग माझ्यापुढं ज्या पडल्यात, त्यांना सोलापुरात काय म्हणतात?"

त्यांना सोलापुरात चॉकलेटी म्हणतात. मुकाट्यानं माफी मागितली, पुढच्या खेपेला बदलून देते म्हणाले आणि फोन ठेवला. नग बदलले याची लाज नव्हती. या धंद्यात नग बदलतातच. लाज याची होती की आठच दिवसांपूर्वी मी पिकअपच्या हौद्यात दिवा बसवून घेतला होता. 'आता अंधारात चाचपडायचं बंद' असं घरादाराला, गोदामातल्या पोरांना आणि मुख्य म्हणजे आमच्या गाडीवरच्या मामांना दोन-दोनदा ऐकवलं होतं. आणि वीस वर्षं मिट्ट काळोखात जी चूक मामांच्या हातून झाली नाही, ती माझ्या हातून लख्ख उजेडात झाली होती.

आमचं काम तसं छोटं. सोलापूरच्या पूर्वभागात अण्णांनी घातलेले आठ माग होते, त्यातले चार राहिले. चार मागांवर पोट भरत नाही, म्हणून शेजारच्या कारखान्यांतला मालही घ्यायचा आणि देवाच्या गावांना पोचवायचा. देवाला आलेला माणूस परतताना प्रसाद घेतो, बांगड्या घेतो आणि दहातला एखादा चादर घेतो. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा तुळजापूरची, गुरुवार अक्कलकोटचा, एकादशी पंढरपूरची. गर्दी लागायच्या आत माल दुकानात पडला पाहिजे. नंतर त्या गल्ल्यांत चारचाकी शिरत नाही आणि शिरली तर निघत नाही. म्हणून संध्याकाळी गोदामात गाडी भरून ठेवायची आणि पहाटे साडेतीनला निघायचं. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. साडेचारला पहिलं दुकान, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक ठिकाणी हौद्यात शिरून त्याच्या-त्याच्या गाठोड्या बाहेर काढायच्या. सगळं काम अंधारातलं.

आधी आमच्या गाडीला लोखंडी कमानी आणि वर ताडपत्री होती. ताडपत्रीला निदान फटी असतात. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड आत गळतो, पौर्णिमेला चांदणं गळतं. पाऊसही गळतो. एका परतीच्या पावसात पंढरपूरचा अख्खा माल भिजला. ओल्या चादरीचं वजन किती होतं हे ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. त्या दिवाळीनंतर मी पत्र्याची बंद बॉडी बांधून घेतली. मागं दोन दारं, आत नऊ फुटांचा हौदा, पाऊस बंद, धूळ बंद आणि उजेडही बंद. भर दुपारी बाराला पुढच्या टोकाला गेलं तर स्वतःचा हात दिसत नाही.

गंमत बघा, गाडी बनवणाऱ्यानं ड्रायव्हरच्या डोक्यावर दिवा दिला, नंबरप्लेटला दिवा दिला. बॉडी बांधणाऱ्यानं मागं नक्षी काढली, दोन मोर रंगवले, 'आई राजा उदो उदो' लिहिलं. हौद्यात दिवा कुणीच दिला नाही. हौदा मालाचा, मालाला कशाला उजेड हवा, असा हिशेब असावा. पण मालाच्या मागं रोज एक माणूसही त्यात शिरतो.

तो माणूस म्हणजे मामा.

मामा मूळचे मागावरचे. त्यांचे आजोबा तेलंगणातून सोलापुरात विणायला आले, जसे इथले हजारो पद्मशाली आले. घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी मराठी, बाजारात थोडं कानडी. मागाच्या आवाजानं एक कान अधू झाला, तेव्हा अण्णांनी त्यांना गाडीवर घेतलं. चादर घडी करून गाठोडी बांधायची ती त्यांनीच. गाडी भरायची तीही त्यांनीच, आणि भरताना शेवटच्या गावाचा माल सगळ्यात आधी आत. हे सगळे हमाल करतात, त्यात विशेष नाही. विशेष होत्या त्यांच्या गाठी.

दिवसा, गोदामाच्या दारात, उन्हाच्या तुकड्यात बसून ते गाठोडी बांधायचे. निळ्या चादरींच्या सुतळीला एक गाठ, हिरव्याला दोन, मरूनला तीन, चॉकलेटीला तीन आणि वर एक लांब शेपूट. तुळजापूरला सुतळी, अक्कलकोटला काथ्या, पंढरपूरला जुन्या किनारीची पट्टी. पहाटे हौद्यात वाकून शिरले की दोन्ही हात पुढं, डोळे मिटल्यासारखे, आणि बोटं सुतळीवरून सरकत जायची. तीन गाठी, शेपूट नाही. "हे घे मरून." बाहेर काढलं की मरूनच. रंग उन्हात बघायचा आणि गाठीत बांधून ठेवायचा, म्हणजे पहाटे डोळ्यांचं काम उरत नाही. मला हे तेव्हा कळत होतं असं म्हणणं खोटं ठरेल. मला वाटायचं, बिचारे अंधारात चाचपडतात.

म्हणून दिवा.

पहिला दिवा शंभर-सव्वाशेचा, सेलवर चालणारा, पाठीला चिकटपट्टी असलेला गोल. दाबला की लागतो. मार्चमध्ये लावला, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाठोड्यात सापडला. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस-चव्वेचाळीसचा, आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर तर पापड भाजावा. त्या डिंकाची काय कथा. मग चार्जिंगची बॅटरी आणली. ती खिळ्याला टांगली तर वळणावर घड्याळाच्या लंबकासारखी हलायची आणि हौद्यातल्या सगळ्या सावल्या पिसाळल्यागत धावायच्या. नंतर बरेच दिवस मोबाईल दातांत धरून काम केलं. (हे करू नका. फोन लाळेनं बिघडतो आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी काहीतरी विचारतं.)

शेवटी गाडीच्याच बॅटरीवर कायमचा दिवा घ्यायचं ठरवलं. आमच्या गल्लीतला एक हुशार पोरगा गणपतीत लायटिंग करतो. त्यानं पाच मीटरची एलईडी पट्टी आणली, बारा व्होल्टची, पत्र्याच्या छताला मधोमध दुहेरी चिकटवली, एक वायर केबिनमधून बॅटरीला जोडली, दुसरी बॉडीच्या पत्र्याला, एक बटण. अर्ध्या तासात काम झालं. बटण दाबलं आणि हौदा दवाखान्यासारखा पांढराशुभ्र झाला. कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं दिसलं, तीन वर्षांपूर्वी हरवलेली कात्री दिसली. मी फोटो काढून बहिणीला पाठवला.

दुसऱ्याच गुरुवारी पहाटे गाडी सुरू होईना. आदल्या संध्याकाळी सातला माल भरून दारं लावली, आत दिवा तसाच राहिला. बंद दाराच्या आत दिवा चालू आहे की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नाही. फ्रिजबद्दल लहानपणी पडलेला प्रश्न आता पैसे मोजून सोडवावा लागला. हिशेब नंतर केला. ती पट्टी मीटरला चौदा वॅट खाणारी, पाच मीटरचे सत्तर. सत्तरला बाराने भागा, जवळपास सहा अँपिअर. सात ते साडेतीन म्हणजे साडेआठ तास, एकूण पन्नास अँपिअर-तास. बॅटरीवर लिहिलेला आकडा पासष्ट, आणि ती तीन वर्षांची म्हातारी. उरलेल्या पाण्यात सेल्फ कसला फिरतोय? अक्कलकोटला त्या गुरुवारी आम्ही पोचलो तेव्हा आरतीची गर्दी दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. गाठोडी डोक्यावरून नेली.

गाडी चाचांकडं नेली. चाचा गाड्यांचं वायरिंग करतात. पन्नास वर्षांचा अनुभव आणि समोरच्याचं काम बघून नाक मुरडण्याची कला, दोन्ही भरपूर. त्यांनी बॅटरीपासून वायर बोटानं पकडली, हौद्यापर्यंत गेले, परत आले.

"बेटी, फ्यूज किधर है?"

फ्यूज नव्हता. पत्र्याला पाडलेल्या भोकातून वायर तशीच आत गेली होती, भोकाला रबरी बूचही नव्हतं. गाडी हादरते, पत्र्याची कड रोज थोडी-थोडी वायरीचं साल काढते. एक दिवस तांबं पत्र्याला लागतं. पत्रा म्हणजे बॅटरीची ऋण बाजू, सगळी गाडीच. मग फ्यूज नसेल तर अख्ख्या बॅटरीचा जोर त्या बारीक वायरीतून जातो, वायर लाल होते, आणि शेजारी काय आहे? सुती चादरी, वरपासून खालपर्यंत. "वायर जल्या तो पूरा माल जलता," चाचा म्हणाले आणि पुढं काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले. त्या सकाळचा धूर आम्ही पूर्वभागातल्यांनी अजून डोळ्यांआड केलेला नाही.

चाचांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि सगळं नव्यानं केलं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर पाच अँपिअरचा फ्यूज. फ्यूज दिव्याजवळ घालून उपयोग नाही, कारण तो वायरीला वाचवायला असतो आणि वायर सुरू होते बॅटरीपाशी. भोकात रबर, वायरीवर जाळीची नळी. पत्र्याची बॉडी चॅसीवर लाकडी पट्ट्या नि रबर घालून बसवलेली असते, म्हणून तिच्यातून करंट नीट परत जाईल यावर भरवसा ठेवायचा नाही; दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत न्यायच्या. आमचा दिवा खड्ड्यात गेला की फडफडायचा, त्याचं कारण हेच निघालं. दाराच्या चौकटीत दट्ट्याचं बटण: दार उघडलं की दिवा, लावलं की अंधार. आणि केबिनमध्ये एक मुख्य बटण, त्यावर लाल ठिपका, म्हणजे हौद्यात काही चालू राहिलं तर ड्रायव्हरच्या नजरेसमोर राहील. मी हौसेनं दहा मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर मागितला होता. चाचांनी लावून दिला. पहिल्याच खेपेला अकराव्या मिनिटाला, मी गाठोडं छातीशी धरून उभी असताना, काळोख झाला. बाहेरून मामांच्या हसण्याचा आवाज आला. टायमर काढला.

पट्टीचंही मर्म चाचांनीच सांगितलं. त्या पट्टीत दर तीन एलईडींचा एक गट असतो, त्यांच्यापुढं एक इवलासा रेझिस्टर. तिघं मिळून साडेनऊ व्होल्टच्या आसपास घेतात, उरलेले अडीच रेझिस्टर झेलतो. हे बारा व्होल्टचं गणित. पण गाडी चालू असते तेव्हा डायनॅमो चौदा, साडेचौदा देतो. ते जास्तीचे दोन-अडीच व्होल्ट येतात कुणाच्या डोक्यावर? त्याच रेझिस्टरच्या. त्याच्या वाट्याचे व्होल्ट दुप्पट, करंट जवळपास दुप्पट, पट्टी तापते आणि काही महिन्यांत तीन-तीनच्या गटानं विझत जाते. आमच्या गल्लीतल्या रिक्षांच्या आरशाभोवती जी दात पडल्यासारखी लायटिंग दिसते, तिचं कारण हे. गाड्यांसाठी वेगळा मिळतो तो दिवा घ्यावा, व्होल्ट खाली-वर झाले तरी करंट तेवढाच ठेवणारा. तेव्हा मी तो घेतला नाही. चांगली पाच मीटरची पट्टी होती, पैसे मोजलेले होते. तिचाच दीड मीटर तुकडा कापून चाचांनी तात्पुरता लावून दिला.

तर त्या तात्पुरत्या दिव्याखाली मी मरून म्हणून चॉकलेटी काढल्या.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. मी टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलाय. डाय-हाऊसमध्ये, म्हणजे सूत रंगवतात तिथं, करड्या रंगाची एक पेटी असते, तिच्यात चार-पाच तऱ्हेचे दिवे: एक दिवसाच्या उजेडासारखा, त्याला डी ६५ म्हणतात, एक दुकानातल्या ट्यूबसारखा, एक पिवळ्या बल्बसारखा. दोन तुकडे एका दिव्याखाली जुळे भाऊ वाटतात आणि दुसऱ्याखाली सावत्र. याला मेटामेरिझम असं भारदस्त नाव आहे. परीक्षेत पाच मार्कांना यायचं. आमच्या आईनं ते कधी वाचलं नाही, पण साडी घेताना ती पदर उचलून दुकानाच्या पायरीवर जायचीच. दुकानदार कितीही म्हणू दे, "आत बसा ना वहिनी, ट्यूब आहे की."

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आतला कण निळा असतो, त्यावर पिवळ्या रसायनाचा लेप. थोडा निळा तसाच बाहेर येतो, थोड्याचा लेप पिवळा करतो, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं वाटतं. स्वस्तातल्या पट्टीत या सौद्यात मारला जातो तो गडद लाल. तो उजेडात मुळात कमी, तर कापडावरून परत कुठून येणार? मरून आणि चॉकलेटी यांच्यात जो काही फरक आहे तो त्या लालातच आहे. लाल काढून घेतला की दोघंही मातकट. नजरेनं ओळखायला गेले आणि फसले. गाठी मोजल्या असत्या तर शेपूट हाताला लागली असती.

मामांना सांगितलं, तर ते काही लागट बोलले नाहीत. नुसतं, "लाईट बंद करून बघायचं असतं ताई."

हेच मला खटकायचं. दिवा आला तेव्हापासून आमचं शीतयुद्ध चालू होतं. मी लावायची, ते बंद करायचे. मी दट्ट्याचं बटण बसवलं, तर त्यांनी दट्ट्यात लाकडाची चिपटी खुपसली. विचारलं तर एकच उत्तर, "डोळ्यात झाक मारतंय." मी म्हणायची, छताला दिवा आहे, डोळ्यात कसा जाईल? "जातंय बगा. दिव्याला हे एवढं मोठं कडं पडतंय." मला वाटायचं हट्ट आहे. म्हाताऱ्या माणसाला नवं काही नको असतं, असं आपण फार लवकर ठरवून टाकतो. मी तर घरी या विषयावर एक छोटंसं भाषणही दिलं होतं.

तरी दिव्याची जागा बदलून पाहिली. तेवढ्यानंही शहाणपण आलं. छताच्या मधोमध दिवा असला की माल छतापर्यंत रचल्यावर तो गाठोड्यांच्या वर अडकतो, खाली अंधारच. आणि दारात उभं राहिलं तर आपलीच सावली आपल्या कामावर. दोन्ही बाजूंना, छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यांत, खाली आत कलते दिवे लावले तर एकाची सावली दुसरा पुसतो. दाराच्या चौकटीवर बाहेर बघणारा दिवा मात्र लावायचा नाही. चढणाऱ्याच्या डोळ्यात जातो, शिवाय गाडीच्या मागून लालखेरीज दुसरा उजेड रस्त्यावर पाडायचा नाही असा नियमच आहे. आतल्या दिव्याला सूट आहे, पण दार उघडं टाकून कोण गाडी पळवतंय?

कोपऱ्यांतले दिवे झाले. चिपटी दट्ट्यात तशीच.

मग गड्ड्याच्या आधीची गोष्ट. गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा, गावभर पाहुणे, चादरी-टॉवेलला मागणी. रात्री नऊला आम्ही गाडी भरत होतो. एका बिल्टीवरचा आकडा मला लागेना, म्हणून हौद्यात बसलेल्या मामांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरला नाही. पाठ दिव्याकडं केली, कागद सावलीत घेतला आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू लागले. मी म्हटलं, "मामा, इकडं तोंड करा की, उजेड आहे." त्यांनी वैतागून तोंड वर केलं, आणि कोपऱ्यातला दिवा सरळ त्यांच्या डाव्या डोळ्यात पडला. बुबुळाच्या मधोमध काळं असायला हवं तिथं दुधाचा थेंब होता.

मी कागद परत घेतला. काही बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, आणि गढूळ भिंगावर पडलेला उजेड सगळीकडं विखुरतो, धुक्यातल्या हेडलाइटसारखा. दिव्याभोवती कडं दिसतं. जितका लख्ख दिवा तितकं कमी दिसतं. ते मला महिनाभर हेच सांगत होते, त्यांच्या शब्दांत, आणि मी भाषण देत होते. गाठींचा कारभारही मग वेगळा दिसू लागला. वीस वर्षांपूर्वी तो अंधारासाठी सुरू झाला असेल; अलीकडची दोन-तीन वर्षं मात्र मामांना अंधारात आणि उजेडात फारसा फरकच नव्हता. त्यांनी ते लपवलं होतं असंही नाही. कुणाला कळत नव्हतं एवढंच, कारण त्यांचं काम चुकत नव्हतं.

यात्रा झाल्यावर डावा डोळा झाला. सकाळी नेलं, दुपारी घरी. भूल म्हणून थेंब, मग गढूळ भिंग काढून त्या जागी नवं. आठवडाभर काळा चष्मा घालून ते गोदामाच्या दारात बसले, पोरं त्यांना 'हिरो' म्हणायची. उजव्या डोळ्याला दोन महिने अवकाश होता, आणि ते दोन महिने गोदामात कुणालाही शांतता मिळाली नाही. मामांना एक खेळ सापडला होता. एक डोळा झाकायचा, चादर बघायची. मग दुसरा झाकायचा, तीच चादर बघायची.

"ताई, इकडं या. ह्या डोळ्यानं बगा, पांढरी. ह्या डोळ्यानं, चहा सांडल्यासारखी."

दोन्ही डोळे त्यांचेच, मला काय दिसणार? पण मुद्दा खरा होता. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड अडवत राहतं. हे इतकं हळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही, जुन्या घराच्या भिंती धुरानं पिवळ्या होतात तशा. ते भिंग काढलं की निळा रंग एकदम आत येतो. मामांनी तीन दिवस आमच्या निळ्या चादरींची थप्पी समोर ठेवून नुसती बघितली. "हे इतकं निळं होतं?" मग हिरव्यावर आले. तेलुगूत नुसतं पच्च म्हटलं तर प्रसंगानुसार पिवळंही होतं नि हिरवंही. स्पष्ट हिरवं म्हणायचं तर आकुपच्च, पानाचं. एका जुन्या लॉटवर बोट ठेवून म्हणाले, हे मी आकुपच्च म्हणून बांधत होतो, हे तर निम्मं पिवळं आहे, कुणी सांगितलं नाही?

आणि मग तो डोळा हौद्यातल्या दिव्याकडं वळला.

"हे पांढरं नाही ताई. निळं आहे. ह्याच्यात माल बघू नका."

डिप्लोमा माझ्याकडं होता. चाचांकडं गेलो तिघं, मी, मामा आणि ड्रायव्हर. चाचांनी दोन-तीन नमुने बॅटरीला लावून दाखवले. मामा एका डोळ्यावर हात ठेवून, खिशातून आणलेले मरून आणि चॉकलेटीचे दोन चिंधी-तुकडे दिव्याखाली धरत होते. सहा हजार पाचशे केल्विन लिहिलेला निळसर, तीन हजारचा पिवळा, चार हजारचा मधला. खोक्यावर अजून एक आकडा असतो, सीआरआय. सूर्याला शंभर धरून दिवा रंग किती इमानानं दाखवतो ते सांगणारा. आमची जुनी पट्टी त्याबाबत गप्पच होती. मामांनी नव्वदवाला, चार हजारचा निवडला, आकडा न वाचता. किंमत तिप्पट. चाचा म्हणाले, "मामूकी नजर खरी है." अॅल्युमिनियमच्या पन्हाळीत बसवलेले, वर दुधी झाकण असलेले दोन दिवे, मिळून वीस वॅट. पन्हाळीमुळं दिव्याची उष्णता पत्र्यात उतरते आणि झाकणामुळं कण डोळ्यांना टोचत नाहीत. रात्रभर विसरला तरी पंधरा अँपिअर-तासांच्या आत. पहाटे गाडी कुरकुरेल, पण निघेल.

उजवा डोळाही आता झालाय. दट्ट्यातली चिपटी कुणी काढली ठाऊक नाही, एक दिवस ती नव्हती.

गाठी मामा अजून बांधतात. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, बल्ब गेला तर? मग मीही शिकून घेतल्या. शेपूट सोडायची गाठ अजून नीट जमत नाही, माझी शेपूट वाटेत सुटते आणि चॉकलेटी मरून होते. तुळजापूरच्या काकांकडून परत आलेल्या त्या चाळीस चादरी मामांनी नव्या दिव्याखाली एकेक उघडून बघितल्या आणि त्यातल्या सहा बाजूला काढल्या. म्हणाले, ह्या चॉकलेटीपण नाहीत. मी सकाळी उन्हात नेऊन पाहिल्या. नव्हत्याच. डाय-हाऊसचा लॉट फिरला होता, आम्ही कुणीच पकडला नव्हता.

जुन्या पट्टीचा साडेतीन मीटर तुकडा गोदामात पडून होता. मामांनी तो मागितला. मामी विड्या वळतात. संध्याकाळी सुपापुढं उजेड कमी पडतो, पानाच्या शिरा दिसत नाहीत. मी बारा व्होल्टचा अडॅप्टरही दिला, घरी बसवायला गल्लीतला तोच पोरगा गेला, चाचांना कळू न देता. परवा आठवण झाली म्हणून विचारलं, मामींना बरा पडतो का दिवा?

"नातवानं टीव्हीच्या मागं चिकटवला," मामा म्हणाले. "तीन-तीन करून विझतोय."